संगणक-संवाद : जुना संगणक आणि नवी विंडोज

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित अपडेट्स बंद झाली आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच राहिला आहे. त्यांतील आठ पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगीपणाचा विचार करून वगळली आहेत.

प्रश्न : मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो असून नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. घरचा डेस्कटॉप 2016 मध्ये बर्डीच्या बाजारातून जुळवून आणला होता. त्यात सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज 10 ची मुदत संपल्याची सूचना पडद्यावर वारंवार येते. दुकानदार म्हणतात, "काका, आता हा भंगारात काढा." पुण्याला असलेला मुलगा म्हणतो की अट चुकवून त्यावरही विंडोज 11 टाकता येते. बँकेचे व्यवहार, आयकराचे विवरणपत्र, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आणि नातवंडांचे फोटो एवढेच माझे काम आहे. कुणाचे ऐकावे?

उत्तर : आपला संगणक भंगारात काढण्याजोगा मुळीच झालेला नाही, हे सर्वप्रथम सांगतो. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो उद्याही सुरू होईल, फोटोही दिसतील आणि छपाईही होईल. थांबली आहे ती दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती. कोणत्याही कार्यप्रणालीत नवनव्या फटी सापडतच असतात, कंपनी त्या बुजवते आणि बुजवलेला भाग अपडेटच्या रूपाने आपल्याकडे येतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळतच नव्हते, त्यांना त्याचा फटका बसला. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही जोखीम पत्करू नये.

विंडोज 11 आपल्या संगणकाला नाकारते, त्याचे मुख्य कारण प्रोसेसर हे आहे. इंटेलचा प्रोसेसर असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा असल्यास बहुतांशी रायझन 2000 मालिकेपासून पुढचा हवा, अशी अट आहे. त्याशिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना केवळ खात्रीची कार्यप्रणाली चालू देणारी सोय), किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते. आपली रॅम आणि जागा भरपूर आहे, परंतु सहावी पिढी यादीत बसत नाही, आणि रॅम वाढवून किंवा डिस्क बदलून ही अट पूर्ण होणार नाही. "थोडा खर्च करा, विंडोज 11 चालवून देतो," असे कुणी म्हणाल्यास त्याचा अर्थ अट चुकवणे हाच असतो, हे लक्षात ठेवावे.

चिरंजीव म्हणतात तो मार्ग खरोखर आहे, आणि अनेकांचे संगणक त्या मार्गाने चालूही आहेत. परंतु अशा संगणकाला अपडेट्स मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षी येणारी नवी आवृत्ती त्यावर सहसा आपोआप येत नाही; ती पुन्हा अट चुकवून हाताने बसवावी लागते. मुलगा पुण्यात, संगणक नागपुरात, आणि बिघडण्याचा दिवस नेमका विवरणपत्राच्या अंतिम तारखेचा, अशी वेळ आपल्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते. शिकण्यासाठी किंवा खेळण्यासाठी वेगळा संगणक असेल तर त्यावर हा प्रयोग खुशाल करावा.

आपण सध्या विंडोज 10 वरच राहावे आणि वाढीव सुरक्षा अपडेट्सच्या योजनेत नाव नोंदवावे. घरगुती वापराच्या संगणकांसाठी ही योजना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज 10 ची 22एच2 ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. आपल्या सेटिंग्ज त्या खात्यात साठवण्यास संमती दिली तर पैसे पडत नाहीत, अन्यथा 30 डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन भरून नोंदणी करता येते. मात्र या नोंदणीच्या वेळी 'बॅकअप' हा शब्द येतो, त्यावर विसंबून राहू नये. खात्याबरोबर मिळणारी मोफत जागा केवळ 5 जीबी असते आणि नातवंडांचे फोटो त्यात मावणारे नाहीत.

म्हणून नोंदणीच्याही आधी एक बाह्य हार्ड डिस्क आणून फोटो, विवरणपत्रांच्या प्रती आणि पेन्शनची कागदपत्रे तिच्यावर उतरवून घ्यावीत. आपल्या संगणकातील हार्ड डिस्क 2016 ची आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कने एवढी वर्षे काढल्यानंतर ती आणखी किती साथ देईल हे कुणीच सांगू शकत नाही. मिळालेल्या मुदतीत पैसे साठवून नवा संगणक घ्यावा, आणि तो घेताना हयातीच्या दाखल्यासाठी आपण बोटांच्या ठशाचे यंत्र वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, विंडोज 11 साठी उपलब्ध आहे ना, एवढे पाहून घ्यावे. जुना संगणक नंतर दुसऱ्या कामी येईल. त्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : आमचा डेस्कटॉप 2020 मधला, दहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे. तरीही विंडोज 11 चालेल का हे तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये "टीपीएम 2.0 आढळले नाही" असे येते. ही चिप विकत आणून बसवावी लागेल का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : बहुधा काहीही विकत आणावे लागणार नाही. आपल्या प्रोसेसरबरोबर ही सोय आलेलीच आहे, पण जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये ती पुष्कळदा बंद ठेवलेली असते. खात्री करण्यासाठी विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी हे रोमन अक्षरांत टंकावे आणि एंटर दाबावे. सुसंगत टीपीएम सापडत नाही असे दिसले, तर ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन सुरू करायची आहे.

गेल्या महिन्यात प्रतापनगरातील एका स्नेह्यांकडे हेच काम केले, ते जसेच्या तसे सांगतो. संगणक सुरू होताच डिलीट कळ दाबत राहिल्यावर बायोसचा पडदा उघडला. काही मदरबोर्डवर त्यासाठी एफ2 दाबावे लागते. ॲडव्हान्स्ड विभागात खाली खाली जात असता 'इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी' अशी ओळ सापडली आणि तिच्यापुढे 'डिसेबल्ड' लिहिलेले होते. ते 'एनेबल्ड' केले, एफ10 दाबून बदल जतन केला आणि संगणक पुन्हा सुरू केला. एएमडीच्या बोर्डवर याच सोयीला 'एफटीपीएम' म्हणतात. सगळे काम पाच मिनिटांत झाले आणि खर्च शून्य आला.

अडचण पुढच्या टप्प्यावर येऊ शकते. सिक्युअर बूट सुरू करण्यासाठी संगणक यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असला पाहिजे. सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावर 'बायोस मोड' पुढे 'लेगसी' असे लिहिलेले असेल, तर डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे असे समजावे. तशा स्थितीत बायोसमध्ये थेट बदल केल्यास विंडोज सुरूच होणार नाही. आधी विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची करून घ्यावी लागते. त्यासाठी 'एमबीआर टू जीपीटी' नावाचे साधन विंडोजमध्येच असते आणि ते फाइली न पुसता हे काम करते. पुसत नाही हे खरे असले तरी डिस्कच्या मूळ आराखड्यावर हात ठेवायचा असतो, म्हणून बाहेर प्रत असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

प्रश्न : इंटरनेटवर विंडोज 11 ची 'की' काही शे रुपयांत मिळते. घ्यावी का? (सक्करदरा)

उत्तर : घेऊ नये. आपली विंडोज 10 अधिकृत असेल आणि संगणक अटींत बसत असेल, तर विंडोज 11 विनामूल्य मिळते आणि जुना परवानाच पुढे चालतो. परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारे, 'ॲक्टिव्हेटर' नावाने मिळणारे प्रोग्रॅम तर संगणकात येऊच देऊ नयेत. ते चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, यातच सर्व आले.

प्रश्न : मी महालात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझे वडील कीर्तनकार होते. त्यांची सुमारे दोनशे आख्याने मी 2003 ते 2012 या काळात संगणकावर टंकून ठेवली आहेत. भाच्याने नव्या लॅपटॉपवर त्या फाइली उघडल्या तेव्हा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस आणि खुणा यांचा गोंधळ दिसला. जुन्या संगणकावर मात्र सर्व नीट दिसते. भाचा जुना संगणक फॉरमॅट करून त्यावर नवी विंडोज टाकतो म्हणतो. माझा जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर : ताई, तूर्त भाच्याला थांबायला सांगावे. आपली आख्याने सुरक्षित आहेत आणि ती ज्या एका यंत्रावर वाचता येतात, तेच यंत्र पुसले जाणार होते.

आपण ज्या काळात टंकन केले, त्या काळात कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारखे फाँट सर्रास वापरले जात. या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात, एवढेच. फाँट असला की 'श्रीराम' दिसतो आणि फाँट नसला की त्याच जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. आमच्या घरी एका काकांचा कुळवृत्तांत अशाच रीतीने खराब झाला असे समजून पुन्हा टंकायला घेतला होता. चाळीस पाने झाल्यानंतर मूळ फाँट एका जुन्या सीडीत सापडला आणि फाइल उघडताच पहिल्या पानावरील पणजोबांचे नाव जसेच्या तसे दिसले. त्या दिवसापासून फॉरमॅटच्या आधी फाँट पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

जुन्या संगणकावर करायचे पहिले काम म्हणजे प्रत्येक आख्यानाची पीडीएफ काढणे. पीडीएफमध्ये बहुधा फाँट आतच साठवला जातो, त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर, मोबाइलवरसुद्धा, आज दिसते तशीच दिसेल. दोनशे फाइलींना काही दिवस लागतील, पण हे काम भाच्यावर न सोपवता आपण स्वतः करावे असे सुचवतो, कारण पान उलटताना एखादे पद राहून गेले तर ते आपल्याच लक्षात येईल. पहिल्या दोन-तीन पीडीएफ मोबाइलवर उघडून अक्षरे नीट दिसतात याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर मूळ फाइली आणि फाँट दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत. फाँट सहसा विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमध्ये असतात; परंतु विंडोज 10 च्या 2018 नंतरच्या आवृत्त्यांत एखादा फाँट केवळ एका वापरकर्त्यापुरता बसवला असेल तर तो त्या वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये जातो आणि नेहमीच्या जागी सापडत नाही, म्हणून दोन्हीकडे पाहावे. टंकनाचे सॉफ्टवेअर छोट्या कुलूप-यंत्रासह म्हणजे डाँगलसह आले असेल, तर ते डाँगल आणि मूळ सीडी जपून ठेवावी.

खरा टिकाऊ उपाय मजकूर युनिकोडमध्ये नेणे हाच आहे, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि फाँट बदलला तरी मजकूर बदलत नाही. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. 'किती' या शब्दातील पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये 'क'च्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर साठवली जाते आणि पडद्यावर मात्र आधी दिसते. 'कर्म' मधील रफार जुन्या पद्धतीत 'म'च्या नंतर येतो, नव्या पद्धतीत 'म'च्या आधी. ही अदलाबदल प्रोग्रॅमला करावी लागते आणि जोडाक्षर आले की तो हमखास चुकतो. 'वाऱ्यावर', 'दऱ्याखोऱ्या' यांतला अर्धा र तर पुष्कळ रूपांतरकांना कळतच नाही, कारण हिंदीत तो लागत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली, त्यामुळे जुने रूपांतरक ते दोन तुकड्यांत लिहितात आणि नंतर शोध घेताना शब्द सापडत नाही. तेव्हा रूपांतर झालेले प्रत्येक आख्यान पीडीएफ समोर ठेवून एकदा वाचावेच लागेल. आपण शिक्षिका आहात आणि मजकूर आपल्या कानात बसलेला आहे. हे काम आपल्याइतके चांगले कुणी करणार नाही.

नव्या लॅपटॉपवर मराठी टंकनासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडल्यावर इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक मिळतात. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये 'मंगल' फाँट दिसला नाही तर गोंधळून जाऊ नये. 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे पूरक फाँट असतात, त्यांत मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सर्व आहेत आणि एका टिचकीसरशी ते बसतात.

प्रश्न : आम्ही हिंगणा मार्गावर राहतो. उन्हाळ्यात दुपारी लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही आणि इंटरनेट मोबाइलवरचेच आहे. अशा स्थितीत विंडोज 11 कसे घ्यावे?

उत्तर : उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे, हाच माझा स्पष्ट सल्ला आहे. पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना बंद खोलीतील डेस्कटॉप तासाभराच्या सलग कामाने तापतो आणि आत धूळ साचली असेल तर मध्येच बंद पडतो. आपल्याकडे संगणकाचे टेबल अनेकदा कूलरच्या समोर असते, कारण बसणाऱ्याला बरे वाटते. पण तो ओलसर वारा आतल्या धुळीचा थर घट्ट करतो आणि पंख्याची पाती जड होतात. काम सुरू करण्याआधी संगणक बंद करून, वायर काढून, झाकण उघडावे आणि मऊ ब्रशने पंखे व उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या साफ कराव्यात. एवढ्यानेच कित्येक 'हळू झालेले' संगणक सुधारतात.

विजेसाठी यूपीएस हवा आणि त्याची बॅटरी जिवंत हवी. उन्हाच्या प्रदेशात या बॅटऱ्या लवकर मरतात. मुख्य बटण बंद करून संगणक किती मिनिटे टिकतो ते एखाद्या निवांत वेळी पाहून ठेवावे. पाच मिनिटेही टिकत नसेल तर बॅटरी बदलावी किंवा संगणक घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावूनच सुरुवात करावी. मध्येच वीज गेली तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच मागच्या स्थितीवर परतते, परंतु त्यावर भिस्त ठेवू नये.

इंटरनेटबद्दल सांगायचे तर, मायक्रोसॉफ्टचे 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून चांगले नेट असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज 11 उतरवून आणावे. हा पेन ड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नये. घरी आल्यावर विंडोज 10 चालू असतानाच त्यातील सेटअप सुरू करावा आणि फाइली व प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडावा. नवी विंडोज पसंत पडली नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून मागे जाता येते. दहा दिवसांनंतर ती वाट बंद होते, म्हणून प्रिंटर, स्कॅनर आणि रोजचे सर्व प्रोग्रॅम पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावेत.

प्रश्न : इतवारीत आमचे किराण्याचे ठोक दुकान आहे. हिशेब टॅलीवर असतो. नवी विंडोज टाकताना काय सांभाळावे?

उत्तर : जुनी विंडोज न पुसता तिच्यावरूनच विंडोज 11 घेतल्यास टॅली सहसा जागच्या जागी राहते. संगणक पुसून नव्याने विंडोज टाकणार असाल, तर आधी टॅलीमधूनच परवाना 'सरेंडर' म्हणजे परत करावा आणि नंतर नव्या विंडोजवर तो पुन्हा सुरू करून घ्यावा. डेटाचे फोल्डर नेमके कुठे आहे ते टॅलीत पाहून त्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या दिवसाची रोकड जुळते का ते पाहावे. जीएसटीचे विवरण भरण्याच्या आठवड्यात यातले काहीही करू नये.

प्रश्न : माझ्याकडे 2012 चा लॅपटॉप असून 4 जीबी रॅम आणि विंडोज 7 आहे. मुलीला अभ्यासासाठी देता येईल का? (कामठी)

उत्तर : विंडोज 7 ची अपडेट्स 14 जानेवारी 2020 पासून बंद आहेत, त्यामुळे तिच्यासह हा लॅपटॉप इंटरनेटला जोडून मुलीच्या हाती देऊ नये. त्यावर लिनक्स मिंट टाकावे. ती विनामूल्य कार्यप्रणाली आहे. तिचा एक्सएफसीई हा हलका प्रकार 4 जीबी रॅमवर समाधानकारक चालतो आणि लिबरऑफिस, ब्राउझर असे अभ्यासाला लागणारे बरेचसे सोबतच मिळते. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क काढून लहान एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. या एका बदलाने लॅपटॉप जितका चपळ होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही.

टाकण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते आणि त्या वेळी डिस्कवरील काहीही बदलत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि मराठी टंकन त्यातच तपासावे. प्रिंटरची मात्र खास चौकशी करावी, कारण लहान कार्यालयांत दिसणाऱ्या काही जुन्या लेझर प्रिंटरांना लिनक्सवर चालवणे फार कटकटीचे असते. हेच उत्तर त्रिमूर्तीनगरच्या वाचकांनाही त्यांच्या जुन्या डेस्कटॉपसाठी लागू आहे.

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांचा लॅपटॉप मी आणि मुलगी वापरतो. विंडोज 11 घेण्यासाठी तो एका दुकानात दिला होता. तेथे बायोसमध्ये काही बदल केले आणि आता सुरू करताच निळा पडदा येऊन 48 अंकी किल्ली मागतो. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट करावे लागेल, सर्व जाईल. मुलीच्या लहानपणापासूनचे फोटो आणि यजमानांनी काढलेले व्हिडिओ त्यातच आहेत. (नंदनवन)

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका. लॅपटॉप आजच दुकानातून घरी आणावा आणि पुढचे सर्व होईपर्यंत बंद करून ठेवावा.

डिस्क बिघडलेली नाही. ती कुलूपबंद आहे. अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक स्वरूपात साठवली जाऊ लागते आणि तिची किल्ली टीपीएम चिपजवळ राहते. बायोसमध्ये बदल झाला की चिपला यंत्र ओळखीचे वाटत नाही आणि मग मालकाकडे राखीव किल्ली मागितली जाते. दुकानदाराने बायोसमध्ये नेमके काय बदलले ते विचारून लिहून घ्यावे. तो बदल पूर्ववत केल्यावर काही वेळा किल्लीची गरज न पडता लॅपटॉप सुरू होतो. टीपीएमचा मजकूर पुसण्याचा पर्याय मात्र कुणालाही वापरू देऊ नये.

तसे झाले नाही तर किल्ली शोधायची. ज्या खात्याने हे कुलूप लागले, त्याच खात्यात ती बहुधा साठवलेली असते. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे कागदावर लिहून घ्यावीत. मग मोबाइलवरून यजमानांच्या ईमेलने मायक्रोसॉफ्ट खात्यात प्रवेश करून 'डिव्हायसेस' विभागात या लॅपटॉपची रिकव्हरी की पाहावी. एकाहून अधिक किल्ल्या असतील तर ओळख क्रमांक जुळणारी घ्यावी. प्रवेश करताना त्यांच्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येईल. म्हणूनच त्यांचे सिमकार्ड बंद केले नसेल तर आज पहिले काम म्हणून त्याचे रिचार्ज करावे; तो क्रमांक गेला तर वाट फार अवघड होते. त्यांचे खाते कार्यालयाचे असेल तर किल्ली तेथील संगणक विभागाकडे असू शकते. काही माणसे ती छापून ठेवतात किंवा पेन ड्राइव्हवर जतन करतात, तेव्हा त्यांच्या फाइलींच्या कपाटात आणि बँकेच्या कागदांत 48 अंकांचा कागद आहे का तेही पाहावे. सहा-सहा अंकांचे आठ गट असतील.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टसुद्धा पुन्हा तयार करून देऊ शकत नाही. "आम्ही किल्लीशिवाय उघडून देतो," असे कुणी म्हणाले तर त्याला पैसे देऊ नयेत.

किल्ली मिळून लॅपटॉप सुरू झाला की विंडोज 11 चा विषय बाजूला ठेवावा आणि त्याच बैठकीत सर्व फोटो व व्हिडिओ बाह्य डिस्कवर उतरवावेत. आपण नागपुरातच आहात. लॅपटॉप, ओळख क्रमांकाचा कागद आणि एक रिकामी डिस्क घेऊन मुलीसह कोणत्याही शनिवारी दुपारी आमच्या कार्यालयात यावे, आपल्यासमोरच प्रत करून देऊ.